आबाजींची .423 माउझर रायफल : किंमत काय, आणि तुटलेला एक्स्ट्रॅक्टर कुठे मिळेल?

देवरीचा_नातू

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळंच लिहितो.

आमचं गाव देवरीकडे. आबाजी दोन गावांचे मालगुजार होते. 1951 ला मालगुजारी गेली, वाडा अर्धा पडला, रायफल तेवढी राहिली. 1947 मध्ये एक इंग्रज जंगल अधिकारी मायदेशी जाताना त्यांनी ती त्याच्याकडून 450 रुपयांना घेतली. तशी चिठ्ठी अजून घरात आहे. परवान्याच्या पहिल्या पुस्तिकेवर 'सी. पी. अँड बेरार' छापलंय, पुढे मध्य प्रदेशचे शिक्के, मग महाराष्ट्राचे. सगळे कागद भंडाऱ्याचे आणि 1999 पासून गाव गोंदिया जिल्ह्यात. म्हणजे कोणत्याही टेबलावर गेलो की आधी दुसऱ्या टेबलावर पाठवतात.

1972 ला कायदा आला तेव्हापासून शिकार बंद. त्यानंतर रायफल फक्त खंडेनवमीला पाटावर यायची आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा व्हायची. वडील गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी वारले. सध्या रायफल आणि वडिलांची बाराबोअर, दोन्ही नागपुरात एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहेत. दर महिन्याला भाडं चालू. माझ्या नावाने परवाना करायचा अर्ज अजून दिलेला नाही, कारण ठेवायची की विकायची हेच ठरत नाही.

विक्रेता म्हणतो, "तीस हजार देतो, आजच मोकळे व्हा." पुण्याचा आतेभाऊ मोबाइलवर अमेरिकेतल्या लिलावाचं पान दाखवतो, 'ओबर्नडॉर्फ माउझर, साडेचार हजार डॉलर'. आई म्हणते विकायची नाही. बायको म्हणते दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला रांगेत कोण उभं राहणार ते आधी ठरवा.

मागच्या आठवड्यात दुकानात बसून नीट पाहिली. जे दिसलं ते लिहितो, मला यातलं काही कळत नाही :

परवान्यावर '.423 बोअर' आहे, पण नळीवर '10,75' कोरलंय. हे दोन वेगळे आकडे म्हणजे काही घोळ आहे का?

नळीवर इंग्रजीत 'नॉट इंग्लिश मेक' असा शिक्का आहे. विक्रेता म्हणाला, "बघा, डुप्लिकेट आहे, त्यांनीच लिहून ठेवलंय." त्याच नळीवर कलकत्त्याच्या 'आर. बी. रोडा अँड कं.'चं नावही आहे.

चाप दोन आहेत. मागचा ओढला तर टक् आवाज येतो, गोळी सुटण्यासारखं काही होत नाही. मग पुढच्याला बोट नुसतं टेकलं तरी सुटतो. विक्रेत्याच्या मते चाप झिजलाय.

बोल्टच्या (मागून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या) बाजूला जी लांब पोलादी पट्टी असते, रिकामं नळकांडं बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, तिचं पुढचं टोक तुटलंय. मॅगझिनची खालची पत्री आणि आतली स्प्रिंग नाही, खालून सरळ आरपार दिसतं. दस्ता मनगटाजवळ उभा चिरलेला, त्यावर गावच्या सोनाराने पितळी पट्टी ठोकलीय. सोबत एका टिनच्या डबीत सात काडतुसं.

खरी किंमत किती, आणि हे तुटके-हरवलेले भाग मिळतील कुठे?

शिवाजीनगर_८

भाऊ, एवढा विचार कशाला. .423 ची काडतुसं कुणाच्या बापाला मिळत नाहीत. नळी बदलून .315 करून घ्या, सरकारी कारखान्याची काडतुसं हवी तेवढी मिळतील, गिऱ्हाईकही लगेच मिळेल. माझ्या मित्राच्या काकांनी असंच केलं होतं.

जुना_कारागीर

शिवाजीनगरकर, तुमच्या मित्राच्या काकांची रायफल मी पाहिलेली नाही, पण तशा चार पाहिल्यात आणि चारही रडत होत्या. .315 चं काडतूस म्हणजे मूळ 8 मिमी मॅनलिखर, त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. माउझरच्या मॅगझिनमध्ये काडतुसं आडवीतिडवी, एकावर एक बसतात आणि ती बिनकडेची असावी लागतात. कडेची काडतुसं एकमेकांत अडकतात. मग मॅगझिन कापा, बोल्टचं तोंड भरा, एक्स्ट्रॅक्टर घासा. शेवटी हातात राहते ती माउझरही नसते आणि .315 ही नसते. वर परवान्यात बोअर बदलून घ्यावा लागतो तो वेगळाच. असा सल्ला देणाऱ्याच्या दुकानात पाणीसुद्धा पिऊ नये.

आता नातवासाठी. मी नागपुरात दुरुस्तीच्या दुकानात अडतीस वर्षं काढली, आता डोळ्यांनी रजा दिलीय. तुम्ही जे लिहिलंत त्यातल्या चार गोष्टी दोष म्हणून लिहिल्यात. त्यातल्या तीन दोष नाहीतच.

पहिलं, आकडे. .423 हे इंच, 10,75 हे मिलिमीटर. .423 ला 25.4 ने गुणा, 10.74 येतात. जर्मन लोक दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात एवढाच फरक. काडतुसाचं पूर्ण नाव 10.75 × 68, दुसरा आकडा पितळी नळकांड्याची लांबी. इंग्रज कंपन्या त्यालाच .423 माउझर म्हणत. आपल्याकडे ही बरीच यायची, कारण दुनळी एक्सप्रेस रायफल साहेबालाच परवडे आणि माउझर त्या मानाने स्वस्त पडे. गवा, रानडुक्कर, वाघ, सगळ्याला हीच. घोळ नाही, पण अर्जात दोन्ही आकडे लिहा, नाहीतर तपासणीला आलेला माणूस 'बोअर जुळत नाही' असा शेरा मारून मोकळा होईल.

दुसरं, 'नॉट इंग्लिश मेक'. हे वाचून मला हसू आलं, आणि तुमच्या विक्रेत्याला ते खरंच माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. परदेशी बनावटीचं हत्यार इंग्लंडमधून विक्रीला जायचं तर तिथल्या प्रूफ हाऊसमध्ये जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासलं जाई आणि मग हा शिक्का बसे. साधारण 1925 ते 1955 या काळातला आहे तो. त्याचा अर्थ 'इंग्रजी बनावटीचं नाही' एवढाच, आणि माउझर तर जर्मनच असते की. उलट तुमची रायफल 1925 च्या आधी इंग्लंडमधून गेलेली नाही हे त्या शिक्क्याने फुकटात सांगितलं. आता जर्मन शिक्के शोधा : रिसीव्हरवर (ज्यात बोल्ट सरकतो तो लोखंडी भाग) आणि नळीवर मुकुटाखाली बी, यू, जी अशी अक्षरं असतील. 1940 पासून तिथे मुकुट जाऊन गरुड आला. म्हणजे मुकुट दिसला तर तुमची रायफल 1940 च्या आधी बनलेली. कंपनीचं नाव 'माउझर-वेर्के' लिहिलंय का तेही पाहा, 1922 ला 'वाफेनफाब्रिक'चं 'वेर्के' झालं.

रोडाचं नाव तर घासूही नका, पुसूही नका. ही तीच रोडा कंपनी जिच्या मालातून ऑगस्ट 1914 मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी 50 माउझर पिस्तुलं आणि 46 हजार काडतुसं पळवली. तुमच्या रायफलीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण असं नाव नळीवर असलं की जाणकार माणूस दोनदा बघतो.

तिसरं, दोन चाप. झिजलेत म्हणे! हा सेट ट्रिगर आहे. मागचा ओढून 'चढवायचा', मग पुढचा केसाने हलतो. मचाणावर बसून चांदण्यात नेम धरणाऱ्यासाठी केलेली सोय. एकच सांगतो, चढवलेल्या चापाने एक पाऊलही टाकायचं नाही. दुकानात कुणी खेळत असेल तर हात धरा.

चौथं मात्र खरं, एक्स्ट्रॅक्टर तुटलाय. आणि कसा तुटला ते मी इथे बसून सांगतो. कुणीतरी घाईत काडतूस मॅगझिनमध्ये न भरता हाताने थेट नळीत टाकलं आणि बोल्ट दाबून बंद केला. माउझर 98 मध्ये, म्हणजे तुमच्या रायफलीच्या नमुन्यात, काडतूस मॅगझिनमधून वर येताना त्याचं बूड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली आपोआप सरकतं. नळीत आधीच बसलेल्या काडतुसावर त्या आकड्याला उडी मारून चढावं लागतं, त्यासाठी तो बनवलेलाच नाही. एकदा चढेल, दोनदा चढेल, तिसऱ्यांदा टोक जाईल. विचारा घरातल्या जुन्या माणसाला.

मिळेल कुठे? दिलासा असा की 98 च्या लष्करी रायफली लाखोंनी बनल्या आणि त्यांचा एक्स्ट्रॅक्टर या लांबीच्या रिसीव्हरला बसतो. फक्त .423 चं बूड साध्या 8 मिमीपेक्षा किंचित जाड असतं, म्हणून आकड्याची आतली बाजू काडतूस लावून लावून, कागदाएवढी कागदाएवढी घासावी लागते. काडतूस रिकामं घ्यायचं हे सांगायला नको. आमच्या उस्तादांकडे डालड्याच्या डब्यात मोडीत निघालेल्या रायफलींचे असे पाच-सहा पडलेले असायचे. आजही जुन्या दुकानांत असे डबे आहेत. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर 'नाही' म्हणेल. मागे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा.

नाहीच मिळाला तर बनवून घ्या. मी बनवलेत. गाडीच्या कमानपट्ट्याचं पोलाद, हाताने कापून, कानशीने उतरवून, मग पाणी देऊन परत नरमवायचं. या शेवटच्या कामात नव्वद टक्के लोक चुकतात. कडक ठेवला तर काचेसारखा तुटतो, नरम ठेवला तर वाकून बसतो. माझे पहिले दोन मोडले, तिसरा एका सरदेशमुखांच्या रायफलीत अजून आहे. बनवणाऱ्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे का ते पाहा, रायफल देताना परवान्याची प्रत लावून पावती घ्या. पावतीशिवाय रायफल सोडायची नाही, ओळखीचा असला तरी.

पत्री आणि स्प्रिंग मात्र मला 'हरवली' वाटत नाही. माउझरची खालची पत्री आपसूक पडत नाही, कुणीतरी काढल्याशिवाय निघत नाही. ठाण्यात जमा करताना जुनी माणसं सुटे भाग काढून घरी ठेवत, तिथे पाऊस गळतो, पोरं खेळतात म्हणून. तुमच्याकडे जमा केल्याच्या जुन्या पावत्या असतील. त्यात 'मॅगझिनसह' की 'शिवाय' ते वाचा, साल कळेल. मग त्या साली घरात खिळे-मोळे कुठे ठेवत होते तिथे शोधा.

दस्त्याची पितळी पट्टी काढू नका. एवढ्या मोठ्या बोअरचा धक्का जिथे बसतो तिथे लाकूड आणि लोखंड घट्ट बसलेलं नसलं की दस्ता मनगटात चिरतो, .423 ला हे नेहमीचं. सोनाराने पट्टी ठोकली म्हणून मूळ अक्रोड टिकला. नाहीतर आपल्याकडे सरळ सुताराकडे नेऊन सागाचा नवा दस्ता करून घेतात. साग दाराला, रायफलीला नाही, तो सरळ रेषेत फाटतो.

आणि खंडेनवमीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पूजा करा, जरूर करा. पण ओलं कुंकू आणि हळद नळीवर बोटाने लावून रायफल तशीच गवसणीत घालून वर्षभर ठेवतात, आणि पुढच्या दसऱ्याला बोटांच्या आकाराचा गंज निघतो. मी रिसीव्हरवर पाच बोटं मोजलीयत. पट्ट्यावर लावा, दस्त्याखालच्या पाटावर लावा. लोखंडावर लावायचंच असेल तर संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा, देव रागावत नाही.

किमतीचं आता. तुमचा आतेभाऊ दाखवतो तो आकडा खोटा नाही, पण तो त्या गावचा आहे. आपल्याकडे सामान्य माणसाला परदेशी रायफल आयात करणं गेली चार दशकं बंदच आहे, म्हणून जुन्या परदेशी मालाला भाव चढतो हे खरं. पण कशाला चढतो? .22 ब्रनोला, .30-06 ला, ज्याला काडतूस मिळतं त्याला. .423 घेणारा माणूस उडवणार काय? आणि नुसती कपाटात ठेवायला घेणाऱ्यालाही 2019 पासून दोनच हत्यारं ठेवता येतात. दोनातली एक जागा मुक्या रायफलीला द्यायची म्हणजे माणूस खरा वेडा हवा. असे वेडे आहेत, पण ते तीस हजाराच्या विक्रेत्याकडून दीड लाखाला घेतात, तुमच्याकडून थेट घेत नाहीत, कारण तुम्ही त्यांना सापडत नाही.

म्हणून तिसाला देऊ नका आणि साडेचार हजार डॉलरची स्वप्नंही पाहू नका. आधी मला नळीचं आतलं सांगा. तिकडून उजेड धरून चऱ्या (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा) स्वच्छ दिसतात की काळे खड्डे आहेत? त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत क्षार असत, बार उडाल्यावर नळीत मीठ राही. ज्याने त्याच रात्री नळी धुतली त्याची वाचली, ज्याने 'उद्या बघू' म्हटलं त्याची गेली. किमतीचा अर्धा भाग तिथे आहे.

सात काडतुसं उडवायची नाहीत. त्यातलं एखादं उशिरा पेट घेईल आणि तोवर तुम्ही बोल्ट उघडलेला असेल. ती परवान्यावर नोंदवून डबीसकट ठेवा, डबीवर कागद असेल तर तो डबीपेक्षा मोलाचा.

मिलवॉकीचा_मिलिंद

कारागीर काकांचं वाचून मजा आली. मी विस्कॉन्सिनमध्ये असतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि माझं अर्धं ऑफिस नारिंगी जॅकेट घालून गायब होतं. शेजारच्या जर्मन आजोबांकडून मी 7 × 57 ची जुनी माउझर घेतली, तेव्हापासून हा किडा लागला.

इथल्या लिलावातले आकडे कशावर ठरतात ते सांगतो, म्हणजे आतेभावाला समजावता येईल. सगळ्यात आधी पाहतात की ती ओबर्नडॉर्फला, म्हणजे माउझरच्या जर्मनीतल्या कारखान्यात, शिकारीसाठीच बनलेली आहे की नंतर कुणी लष्करी रायफल कापून-घासून शिकारी केलीय. रिसीव्हरच्या डाव्या भिंतीत अंगठा जाईल असा अर्धगोल खाच असेल तर बहुधा लष्करी, कारण तिथून पाच काडतुसांची क्लिप अंगठ्याने दाबून भरायची. शिकारीच्या बहुतेक रायफलींची ती भिंत सलग असते. ही एकच गोष्ट किमतीचं शून्य हलवू शकते. मग मूळ बोअर, मूळ दस्ता, मूळ माशी (नेम धरायचा पुढचा काटा), बोल्टवर आणि रिसीव्हरवर एकच क्रमांक. शेवटी काळा रंग. कुणी नवा रंग देऊन चकचकीत केली असेल तर इथले लोक नाक मुरडतात, किंमत निम्मी. गंज दिसला तरी चालेल, पॉलिश दिसलं की नाही.

.423 बद्दल एक गंमत. .404 जेफरीची गोळीही त्याच व्यासाची, म्हणून इथले काडतुसं स्वतः भरणारे लोक .404 च्या गोळ्या यात वापरतात. पण .404 चं तयार काडतूस या रायफलीत बसत नाही, त्याचं नळकांडं 73 मिमीचं आहे. तिकडे कुणी 'एकच आहे' म्हणून विकायला लागलं तर घेऊ नका.

एक्स्ट्रॅक्टर इथे किरकोळीत मिळतो, मी माझ्यासाठी घेतलाय. पण 'पुढच्या वेळी येताना बॅगेत टाकून आण' असं कृपया कुणी म्हणू नका. माझ्या मावसभावाने हे मागितलं होतं आणि मी नाही म्हटल्यावर सहा महिने बोलला नाही.

टपाल_आवक_जावक

मिलिंदचं शेवटचं वाक्य ठळक करायला हवं. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात. चार इंचांची पट्टी असली तरी विमानतळावर ती पट्टी नसते, विनापरवाना आयात केलेला शस्त्राचा भाग असतो. कुरिअरने मागवली तरी तेच. बत्तीस वर्षं जिल्हाधिकारी कार्यालयात काढली, त्यातली नऊ शस्त्र परवान्याच्या टेबलावर, म्हणून अधिकाराने लिहितोय.

नातू साहेब, तुमचं तातडीचं काम किंमत काढणं नाही. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ते तुम्ही केलंय, चांगलं केलंय. शस्त्र नियम 2016 चा नियम 25 वारसासाठी आहे, त्याखाली अर्ज द्या. सोबत मृत्यूचा दाखला, जुन्या पुस्तिका, जमा पावती आणि बाकीच्या सगळ्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. सगळ्या म्हणजे लग्न होऊन गेलेल्या बहिणींचंसुद्धा. निम्मे अर्ज तिथे अडकतात. रायफल आणि बाराबोअर मिळून दोन होतात, मर्यादेत बसता.

गाव गोंदियात असेल तर अर्ज गोंदियाला. भंडाऱ्याहून जुनी नोंद मागवणं हे गोंदियाच्या कार्यालयाचं काम, पण तुम्ही स्वतः नक्कल काढून जोडलीत तर दोन महिने वाचतील. नियमात हे नाही, अनुभवात आहे.

परवाना तुमच्या नावावर झाला की मग विकायचं स्वातंत्र्य खरं. तेव्हा दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकता येते, आधी लेखी सूचना द्यायची आणि 45 दिवस थांबायचं. आज विकलीत तर गिऱ्हाईक एकच, ज्याच्याकडे ती पडून आहे तो. तीस हजार त्यामुळेच तीस हजार आहेत.

देवरीचा_नातू

सगळ्यांचे आभार. उशीर झाला कारण गावी गेलो होतो आणि मग नागपूरला.

कारागीर काका, तुमच्या पायाला हात लावावासा वाटतोय. मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ) आता सत्त्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन एवढंच विचारलं की काडतूस हाताने कुणी टाकलं होतं. म्हातारा आधी गप्प. मग म्हणाला, "तुले कोनं सांगतलं?" 1969 चा उन्हाळा, नवेगावच्या बाजूचा ब्लॉक, हाक्यातून अस्वल अनपेक्षित निघालं, मॅगझिन रिकामं होतं, खिशातलं एक काडतूस नळीत कोंबलं. बार झाला, अस्वल गेलं, रिकामं नळकांडं बाहेर येईना. आबाजींना त्यांनी 'आपोआप तुटलं' असं सांगितलं होतं. पंचावन्न वर्षांनी बाहेर आलं. आई हसून हसून रडली.

नळी पाहिली. दुकानदाराने टॉर्च द्यायला खळखळ केली, मी माझा नेला होता. चऱ्या स्वच्छ आहेत, तोंडाशी वीतभर थोडं काळं. मोठे बाबा म्हणाले की आबाजी शिकारीहून आल्यावर जेवायला बसायच्या आधी चुलीवरचं उकळतं पाणी नरसाळ्याने नळीत ओतायचे, आजी ओरडायची की चहाचं आधण कशात ठेवू. मला वाटायचं तो कसल्यातरी शांतीचा विधी असेल.

रिसीव्हरची डावी भिंत सलग आहे, खाच नाही. मुकुट आहेत, तीन. बोल्टच्या मुठीखाली आणि रिसीव्हरवर एकच क्रमांक. 'माउझर-वेर्के' आहे.

आता पत्री. जमा पावत्या काढल्या. 1977 च्या पावतीत 'एक रायफल .423 बोअर' एवढंच, 1980 च्या पावतीत 'मॅगझिन पत्रीशिवाय' असं स्पष्ट. म्हणजे मधल्या तीन वर्षांत कुणीतरी काढली. त्या काळात खिळे-मोळे कुठे ठेवत हे आईला विचारलं, तिचं तर लग्नच 1981 चं. पण ती म्हणाली, तुझ्या आजीला लोखंडाचा कोणताही तुकडा सापडला की ती एकाच ठिकाणी टाकायची.

आजीचं शिलाई मशीन माळ्यावर आहे, पाय गंजलेले, खण फुगून बसलेला. पेचकसाने उचकटला. बॉबिन, तुटक्या सुया, पायजम्याची नाडी ओवायची सुई, 1 पैशाची नाणी. तळाशी तेलकट फडक्यात बांधलेली पत्री, आणि तिच्यासोबत वेडीवाकडी घडीची स्प्रिंग आणि वरची पट्टी. फडकं वडिलांच्या शाळेच्या शर्टाचं आहे, आईने बटणावरून ओळखलं नसतं, पण त्यावर शाळेचा बिल्ला शिवलेला होता.

पत्रीच्या आतल्या बाजूला दोन आकडे आहेत, 47. रायफलीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडेही 47.

अर्जाचे कागद जमवायला घेतलेत. धाकट्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र झालं, मोठी म्हणते रायफलीचा फोटो तिच्या हॉलमध्ये लावायला दिला तरच सही. विक्रेत्याला सांगितलं की विकत नाही. त्याने लगेच पंचेचाळीस हजार म्हटलं.

काका, एक राहिलं. स्प्रिंग एका घडीत थोडी उघडलीय, हाताने दाबून सरळ करू का?

जुना_कारागीर

हात लावू नका! ती पट्टी-स्प्रिंग आहे, थंड दाबली तर घडीतच तडा जाईल आणि तशी दुसरी मिळणं एक्स्ट्रॅक्टरपेक्षा कठीण. पंचेचाळीस वर्षं रिकामी पडल्यावर थोडी उघडी राहणं हेच बरोबर आहे, मॅगझिनमध्ये बसली की दबते. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, मऊ ब्रशने साफ करा, तेल लावून त्याच फडक्यात बांधा.

आजीने तेलकट फडक्यात बांधली म्हणून वाचली, हे मोठ्या बहिणीला सांगा.

परवाना झाला की इथे लिहा. सीताबर्डीच्या बाजूला एक म्हातारा अजून बसतो, माझ्याच उस्तादांचा चेला, डालड्याचा डबा आता त्याच्याकडे आहे. दुरुस्तीचा परवाना भिंतीवर टांगलेला आहे, तरी पावती मागा. एक्स्ट्रॅक्टरसाठी त्याच्याकडे एक शब्द टाकून ठेवतो.